मायच्या काळजाचा फोटो

आमच्या घरात हसण्याचं एक दुखणं आहे. ते मायकडून आम्हा दोघी बहिणींकडे आलं. कुणी गंभीर चेहरा करून काही सांगायला लागलं, गप्प बसणं अगदी गरजेचं असलं, की मायचं आधी पोट हलायला लागतं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. आम्ही शेजारी असलो की आमचंही तेच. आमचे वडील, आबा, होते तोवर अशा वेळी पायात चपला सरकवून सरळ घराबाहेर निघून जायचे. ह्या हसण्यापायी जळगावातल्या एका भल्यामोठ्या यंत्रानं काढलेला मायच्या हृदयाचा फोटो बिघडला, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

माय अमळनेरजवळच्या एका खेड्यात राहते. तेव्हा तिच्याकडे दोन म्हशी होत्या, एक गाय होती, आणि शेत वाट्यानं दिलेलं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला असते. घरीच ब्लाउज शिवते आणि जगातल्या सगळ्या माणसांना वळण लावते. मी जळगावला शाळेत मराठी शिकवते. अमळनेर दोन्ही गावांच्या मधोमध, त्यामुळे माय कुणाकडे जास्त दिवस राहते हा आमचा जुना वाद.

त्या वर्षी दिवाळीला मी गावी गेले तर माय खाटेवर उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलेली. पाय सुजलेले. घरातून गोठ्यात जायचं तर मध्ये एकदा भिंतीला हात लावून थांबायची. मी विचारलं तर आपल्या अहिराणीत म्हणाली, "काई नही वं. गोठामा गयी का जरासा दम लागस. म्हशी मोठ्या झाया ना."

म्हशी मोठ्या झाल्यानं माणसाला दम का लागावा, हे मला कळलं नाही. मी अक्काला फोन केला. अक्का दुसऱ्या दिवशी गाडी करून आली आणि मायला आणि मला धुळ्याला घेऊन गेली. वाटेत मायनं तीनदा सांगून पाहिलं की गायीचं दूध काढायची वेळ झाली. अक्कानं ऐकलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टर मॅडम वयानं अक्काएवढ्याच. त्यांनी सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवरून फिरवलं, मग दोन दिवसांनी हाताच्या धमनीतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. मायच्या हृदयाचं पंपिंग निम्म्याहूनही बरंच खाली आलं होतं. पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद होती.

"आजी, तुम्हाला मागे कधीतरी झटका येऊन गेलाय," मॅडम म्हणाल्या. "छातीत खूप दुखलं होतं का?"

माय आठवून म्हणाली, "एक डाव भरीत खाईसन छातीमा जळजळ झायी व्हती. मी ववा खादा, आन म्हैस दोही टाकी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणजे हार्ट अटॅक अंगावर घेऊन माझ्या आईनं म्हैस दोहली होती. ओवा खाऊन.

पुढचं त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. हृदयाचा पुढचा भाग नीट हलत नव्हता. त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर तो भाग मेला असेल. मग बायपास करून तिकडे रक्त पोचवून काही उपयोग नाही. उलट हृदयाचा ठोका अचानक बिघडून बंद पडण्याचा धोका फार, आणि त्यासाठी छातीत एक यंत्र बसवायचा विचार करावा लागतो. किंवा मग तो भाग जिवंत असेल, पण रक्त कमी पडतं म्हणून काम टाकून नुसता पडून राहिला असेल. तसं असलं तर रक्त मिळाल्यावर तो पुन्हा कामाला लागू शकतो.

"हे वरून दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी न्यूक्लिअर स्कॅन करावा लागेल. जळगावला सोय झाली आहे. अगदी थोडं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. हृदयाचा जो भाग जिवंत आहे तो ते ओढून घेतो, जो मेला तो घेत नाही. त्याचा फोटो निघतो. त्यावरून आजींना पुढे किती धोका आहे त्याचा अंदाज येईल आणि काय करायचं ते ठरवता येईल."

माय एवढा वेळ भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होती. ती वळून म्हणाली, "म्हनजे मनं काळीज मरेल शे का झोपेल शे, ते देखनं शे."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या.

इतक्या सगळ्या बोलण्याचं एवढं साधं वाक्य आम्हा दोघींना सुचलं नसतं.

तारीख मिळायला दोनेक महिने लागणार होते. तोवर गोळ्या सुरू झाल्या, पाण्याला माप आलं, मीठ जवळजवळ बंद आणि तूप पूर्ण बंद. अक्कानं मायच्या स्वयंपाकघरातला तुपाचा डबा उचलून स्वतःच्या घरी नेला. लोणचं नेलं. पापडाचा डबा शेजारणीला दिला. माय वाटीतल्या अळणी वरणाकडे बघून म्हणायची, "याले सांगा, इतला उदास नको राहू."

गावात बातमी भलत्याच रूपात पोचली. न्यूक्लिअर हा शब्द मायनं शेजारणीला सांगितला, शेजारणीनं तिच्या मुलाला विचारला, मुलानं मोबाइलमध्ये पाहून आईला सांगितलं की ह्याच्यानं बाँब बनवतात. दुसऱ्या दिवसापासून बायका भेटायला यायला लागल्या. कुणी केळी आणली, कुणी नारळ. शेजारण मायचा हात धरून म्हणाली, "बाई, तुले अणूमा टाकतस म्हने?"

मायला आधी हसू आलं असणार. पण इतक्या बायका इतक्या गंभीरपणे निरोप घ्यायला लागल्यावर तिलाही ते खरं वाटायला लागलं. मी पुढच्या रविवारी गेले तर तिचं लोखंडी कपाट अर्धं रिकामं. हिरवी पैठणी शेजारणीला, दोन सुती लुगडी दूध न्यायला येणाऱ्या म्हातारीला, पितळी डबे भाचेसुनेला. म्हशी कुणी सांभाळायच्या तेही सांगून झालं होतं.

"माय, नुसता फोटो काढायचाय," मी म्हणाले.

"हो ना. पन काय निंघी फोटोमा, ते कोनले माहीत?"

मला तिच्या आवाजातली भीती तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. ती हसत नव्हती. मी कपाटाचं दार लावलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो.

स्कॅनच्या आदल्या दिवशी अक्का मायला घेऊन माझ्याकडे जळगावला आली. दुपारी केंद्रातून सूचना द्यायला फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, तिथली तंत्रज्ञ. अक्कानं सगळं लिहून घ्यायला वही घेतली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सकाळी उपाशीपोटी यायचं. इंजेक्शन झालं की तासभर थांबायचं. त्या वेळात आजींना खायला तूप, लोणी, साय असं काहीतरी चांगलं स्निग्ध बरोबर आणा."

अक्काचं पेन थांबलं. "काय आणायचं?"

"तूप, मॅडम. तुपाचं काहीही. शिरा चालेल, ब्रेड-बटर चालेल, वर ग्लासभर दूध."

"पेशंट हार्टची आहे," अक्का एकेक शब्द तोडून म्हणाली.

"हो, आमच्याकडे सगळे हार्टचेच येतात," ती मुलगी म्हणाली. "औषध लिव्हरमध्ये जमा होतं, ताई. लिव्हर हृदयाच्या शेजारीच, त्यामुळे फोटोत त्याचीच चमक येते. तुपाचं खाल्लं की ते तिथून खाली सरकतं आणि हृदय स्पष्ट दिसतं. एक दिवस खाल्लं तर काही होत नाही."

माय आतल्या खोलीत झोपली आहे असं आम्हाला वाटत होतं. ती दारात उभी होती. दोन्ही हात चौकटीला, आणि चेहरा तसा, जसा परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोरीचा असतो.

"तूप?" ती म्हणाली. "खरंच तूप म्हने ती?"

अक्कानं त्या केंद्राला आणखी दोनदा फोन केला, एकदा मॅडमना धुळ्याला केला. सगळीकडून एकच उत्तर आलं. मॅडम तर म्हणाल्या, "द्या हो, बिचारीला एक दिवस."

मग काय विचारता. शिरा नको, ब्रेड तर मुळीच नको, माय म्हणाली, वरण-बट्टी. पहाटे उठून तिनं मला ओट्यापाशी उभं केलं आणि स्वतः खुर्चीवर बसून हुकूम सोडायला सुरुवात केली. कणीक जाडसर घे. ओवा चोळून टाक. गोळे उकडल्यावर निवू दे, मग काप, मग तळ. मी तळत होते आणि तिला स्वतःला पाणीसुद्धा दोन घोट एवढंच होतं. पण ती त्या वासावरच टवटवीत झाली होती. अक्का बाजूला उभी राहून तूप चमच्यानं मोजून बरणीत भरत होती. माय म्हणाली, "मोजू नको वं. सरकारी तूप शे ते." अक्कानं ओठ घट्ट मिटले. पण तिचे खांदे हलत होते, मी पाहिलं.

केंद्र एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. आतल्या दारावर पिवळ्या रंगात किरणोत्सर्गाची तीन पात्यांची काळी खूण. माय म्हणाली, "पंखा शे का हाऊ?" फोनवरची मुलगी समोर आली तर अगदी लहानखुरी, दोन वेण्या घालून शाळेत बसवली असती तर खपली असती. तिनं मायला आत नेऊन बसवलं, रक्तदाब पाहिला, जिभेखाली ठेवायला एक गोळी दिली आणि औषध आणायला निघाली.

"कोठून आनस ते औषध?" मायनं विचारलं.

त्या मुलीला कामाची घाई होती, पण प्रश्न विचारणारा पेशंट तिला बहुधा क्वचित मिळत असावा. ती थांबली. म्हणाली, "आजी, आमच्याकडे शिशाच्या जाड डब्यात एक भांडं येतं. त्याच्यात हे औषध आपोआप तयार होत राहतं. आम्ही रोज सकाळी सलाइन घालून ते काढून घेतो. आमच्या लाइनीत त्या भांड्याला गाय म्हणतात. आणि औषध काढण्याला दूध काढणं."

मायनं जिभेखालची गोळी गालाकडे सरकवली. "गाय?"

"हो. आज सकाळीच काढलंय, ताजं."

"एकच डाव देस का दोन डाव?"

"सकाळी एकदा काढतो. घाई असली तर दुपारी पुन्हा थोडं मिळतं."

"आटस का?"

"आटते ना. आठवड्यानं फार कमी देते. मग ती परत पाठवायची, नवी येते."

"भाकड व्हई गयी का धाडी देतस," माय आमच्याकडे वळून म्हणाली, जणू काही ह्या धंद्यातली खोच आम्हाला समजावून सांगत होती. "आन लाथ मारस का?"

"म्हणून तर शिशाच्या डब्यात ठेवतो," ती मुलगी म्हणाली.

मायचं पोट हलायला लागलं. ती मुलगी इंजेक्शन घेऊन आली तेव्हा आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो, कारण एकमेकींकडे बघण्याची सोय राहिली नव्हती.

इंजेक्शन झाल्यावर मायला वेगळ्या खोलीत बसवलं. ज्यांच्या अंगात औषध गेलं आहे त्यांची ती खोली. आम्ही दारापाशी, थोडं लांब. तिथे आधीच एक म्हातारे गृहस्थ बसलेले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते जळगावातलेच शिंपी होते, लग्नाच्या शेरवान्या शिवणारे. त्यांच्या पुढ्यात दुधाचा ग्लास आणि दोन खारी बिस्किटं.

मायनं डबा उघडला. बट्ट्या कुस्करल्या, वरून वरण ओतलं, वरून तूप, मग आणखी तूप. अक्का दारातून म्हणाली, "माय, पुरे." माय म्हणाली, "चमक जायाले पाहिजे ना." आणि तिनं पहिला घास घेतला. डोळे मिटले. कितीतरी वेळ तो घास तिनं तोंडातच ठेवला.

हे चाचा खारी हातात धरून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बट्टी आहे का?"

"हो भाऊ. घ्या ना. तुमले बी तूप सांगेल शे ना?"

"सांगितलं आहे. पण घरात सूनबाईला खरं वाटलं नाही. ती म्हणाली, अब्बा, तुम्ही मनचं सांगताय."

मायनं झाकणात दोन बट्ट्या आणि वरण वाढून पुढे केलं. चाचांनी आधी नको म्हटलं, मग घेतलं. दोघं बोटं चाटत खात राहिले. मग चाचा म्हणाले, "बहन, दोन वर्षं झाली असं जेवून." माय म्हणाली, "माले दोन महिना झाया, तं मी लुगडा वाटी टाकात." ह्यावर चाचा इतके हसले की तंत्रज्ञ मुलगी धावत आली, कुणाला ठसका लागला की काय ते बघायला.

तासाभरानं मायला यंत्राखाली घेतलं. अरुंद पलंग, त्यावर उताणं झोपायचं, दोन्ही हात डोक्यामागे. वर दोन मोठ्या चौकोनी पाट्या, त्या छातीभोवती हळूहळू, थांबत थांबत फिरतात. मधल्या काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं.

"आजी, वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही. श्वास नेहमीसारखा घ्या," त्या मुलीनं सांगितलं आणि बाहेर येऊन संगणकापुढे बसली.

अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही. मला तिथेच काळजी वाटली.

पहिली पाच-सात मिनिटं बरी गेली. पाटी तिच्या नाकावरून सरकत बाजूला आली, आणि थांबताना यंत्रानं एक आवाज केला. बारीक, लांबट. हंबरल्यासारखा. मी शपथेवर सांगते, तो आवाज तसाच होता. मी अक्काकडे पाहिलं नाही, अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघींनी काचेतून मायकडे पाहिलं. मायचं पोट हलत होतं.

"आजी, हलू नका," मुलगी माइकवर म्हणाली.

ते सांगितल्यावर तर झालंच. आधी पोट, मग खांदे, मग डोक्यामागे धरलेली कोपरं. शेवटी तो अख्खा पलंग थरथरायला लागला. अक्का खाली बसली. मी पदराचा बोळा तोंडात धरला. त्या मुलीनं यंत्र थांबवलं, पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं की फोटो हलला, पहिल्यापासून घ्यावा लागेल. रागावली नव्हती. तिचाच चेहरा लाल झाला होता.

"काय झालं आजी?"

"गाय बोलनी," माय आतून म्हणाली.

त्या मुलीनं आम्हा दोघींना बाहेर काढलं. योग्यच केलं. आम्ही रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो, उन्हात, आणि हसता हसता अक्का एकाएकी रडायला लागली. मी तिला धरलं. ती म्हणाली, "झोपलेलं निघायला पाहिजे गं. एवढं निघायला पाहिजे." अक्काला रडताना मी आबा गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. पलीकडचा रसवाला आमच्याकडे बघून विचारात पडला असेल, ह्या बायका हसताहेत का रडताहेत.

दुसऱ्या वेळी फोटो नीट आला. मायला मी नंतर विचारलं, हसू कसं आवरलं? ती म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून दावणीला असलेल्या सगळ्या म्हशी मनातल्या मनात एकेक आठवल्या. आडव्या शिंगाची, एकडोळी, विहिरीत पडलेली, आबांनी चोपड्याच्या बाजारातून आणलेली. कुठली किती दूध द्यायची ते. सगळ्या आठवून झाल्या तोवर वीस मिनिटं संपली होती.

निघताना सूचना मिळाल्या. भरपूर पाणी... मग त्या मुलीला मायचं पाण्याचं माप आठवलं, म्हणाली, तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच प्या, लघवी मात्र रोखून धरू नका. आणि आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून जरा लांब बसायचं, औषध उद्यापर्यंत निघून जातं. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावरची सून सातव्या महिन्यात होती. नेमकी ती जिन्यातच भेटली आणि नमस्कार करायला वाकणार एवढ्यात माय दोन पायऱ्या मागे सरकून ओरडली, "दूर हो बेटा, दूर हो! मना आंगमा अणू शेतस!" ती बिचारी भिंतीला चिकटली. तिला सगळं समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. तोवर माय वर जाऊन न्हाणीघराचा दिवा बंद करून आत उभी होती, अंग चमकतं का ते बघायला. बाहेर येऊन म्हणाली, "काही नही. नुसती बोंब शे."

रिपोर्ट धुळ्याच्या मॅडमकडे गेला आणि चार दिवसांनी त्यांनी बोलावलं. मी जळगावहून मायला घेऊन एसटीनं निघाले. त्या प्रवासात कुणालाच हसू आलं नाही. अमळनेर आलं तेव्हा माय खिडकीतून आपल्या गावाच्या फाट्याकडे बघत होती, मान वळवून, तो मागे जाईपर्यंत. मी तिचा हात धरला.

मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर रंगीत कडी, नालासारखे आकार; कुठे पिवळं, कुठे केशरी, कुठे जांभळट.

"हे आजींचं हृदय. वेगवेगळ्या बाजूंनी कापून पाहिल्यासारखं. जिथे पिवळं आणि केशरी, तिथे स्नायू ठणठणीत. हे टोक बघा, इथे काळं आहे. हा तुकडा मेला, तो आता परत येणार नाही."

अक्कानं माझं मनगट आवळलं.

"पण हा पुढचा सगळा भाग, जो हलत नाही म्हणून आपण घाबरलो होतो, तो फिका आहे, पण रंग आहे त्याला. औषध घेतलंय त्यानं. म्हणजे जिवंत आहे."

"म्हनजे झोपेल शे," माय म्हणाली.

मॅडम जन्मानं पुण्याकडच्या. पण इतकी वर्षं धुळ्यात काढलेल्या. त्या खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "हो आजी. झोपेलच शे. सगळं झोपेल शे, उठाडनं पडी."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुधा मॅडमच, आपल्याच अहिराणीला. मग माय, मग आम्ही. बाहेरच्या पेशंटांनी दार किलकिलं करून पाहिलं. मॅडमना डोळे पुसून पुन्हा डॉक्टर व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी नीट सांगितलं. धोका गेलेला नाही. हृदय कमजोर आहे आणि गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. पण मेलेला भाग लहान आहे, त्यामुळे अचानक काही होण्याची जेवढी भीती वाटत होती तेवढी आज दिसत नाही. आधी बायपास करू, मग काही महिन्यांनी पुन्हा पाहू, आणि छातीत यंत्र बसवायचं की नाही ते तेव्हा ठरवू.

आम्ही बाहेर आलो आणि समोर दिसली त्या रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे? तिघींपैकी कुणालाच उत्तर आठवेना. अक्काला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येईना. "चालू तर द्या भाऊ," ती म्हणाली, आणि त्यानं खरंच चालू दिली. पांझरा नदीच्या पुलावरून आम्ही एकदा गेलो आणि एकदा परत आलो. माय मध्ये बसून वाऱ्यानं उडणारा पदर सावरत होती.

बायपास धुळ्यातच झाला. ते दिवस सोपे नव्हते, पण ते सगळ्यांचे सारखेच असतात; छातीशी उशी धरून खोकणं, फुग्यासारखं यंत्र फुंकणं, एकेक पाऊल. उन्हाळा संपता संपता माय गावी परतली. पहिल्याच आठवड्यात शेजारणीकडे जाऊन म्हणाली, "बाई, मी काई मरी नही राहिनी. मनी पैठणी दे." शेजारणीनं ती एकदा नेसून धुतली होती, म्हणून दोघींचं जरा वाजलं. पितळी डबे भाचेसुनेनं आपण होऊन आणून दिले. दूध नेणाऱ्या म्हातारीची लुगडी मात्र मायनं मागितली नाहीत.

सहा महिन्यांनी हृदयाचं पंपिंग पुन्हा पाहिलं. मॅडमनी आकडा सांगण्याआधीच त्यांच्या तोंडावरून आम्हाला कळलं होतं. पूर्ण नाही, पण बरंच वर आलं होतं. छातीत यंत्र बसवायची गरज आता नव्हती. म्हशी विकून टाकायला अक्कानं मायला राजी केलं, गाय राहिली. घरापासून फाट्यापर्यंत आणि परत असं माय सकाळी चालते, मध्ये न थांबता.

परवा मी तिला फोन केला. उचलेना. दोनदा, चारदा. मग पाचव्यांदा उचलला तर मागे सनई, बायकांचा गलका, कुणीतरी भांडी आपटतंय. जळगावच्याही पलीकडे, सावद्याला तिच्या चुलतबहिणीच्या नातीचं लग्न होतं, आणि माय आम्हाला न विचारता, अमळनेरहून एकटी गाडीत बसून, दोन दिवस आधीच तिथे जाऊन पोचली होती.

"गोळ्या नेल्या का?" मी विचारलं.

"नेल्या."

"दम लागतो का?"

"नही."

"जेवणात मीठ—"

"पोरी, फोन ठेव," माय म्हणाली. "आठे हळद लागी राहिनी, आन या बायास्ले गाणं येत नही."